नोंदणी विवाहाला तारीख मिळते, वेळ का मिळत नाही?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या बहिणीच्या मुलीचा नोंदणी विवाह गेल्या डिसेंबर महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी झाला. मुलगी आमची, मुलगा केरळातल्या त्रिशूरचा आणि दोन्ही घरांची संमती. म्हणजे वर्तमानपत्राला पत्र लिहावे असे त्या लग्नात काही नव्हते. तरीही लिहिते आहे, कारण लग्नाचा दिवस पक्का करणे आणि त्या दिवशी अमुक वाजता विवाह अधिकारी कार्यालयात असतील एवढी खात्री मिळवणे, या एका कामासाठी एकतीस वर्षे बँकेच्या काउंटरवर काढलेल्या मला दोन महिन्यांत सात हेलपाटे घालावे लागले आणि ती खात्री शेवटपर्यंत मिळाली नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ हा कायदा दिवस अगदी काटेकोरपणे मोजतो. तासाची जबाबदारी मात्र कुणीच आपल्या अंगावर घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिला हेलपाटा माझ्याच अज्ञानापायी वाया गेला, हे आधी कबूल करते. मी गेले ती नगरपालिकेच्या विवाह नोंदणीच्या खिडकीवर. तिथल्या कर्मचारी मुलीने शांतपणे सांगितले की, ‘मावशी, तुम्हाला विवाह नोंदणी नको आहे, नोंदणी विवाह हवा आहे, ते ऑफिस वेगळे.’ दोन शब्दांची ही अदलाबदल विनोदी वाटली तरी तिच्यात बराच अर्थ आहे. घरी, कार्यालयात किंवा देवळात लग्न लागून गेल्यावर त्याची सरकारदरबारी नोंद करणे ही विवाह नोंदणी. आपल्या राज्यात ती १९९८ च्या अधिनियमाखाली होते. त्यासाठी नमुना ‘ड’ भरावा लागतो, त्यावर वधूवरांच्या, तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्या लागतात आणि लग्नापासून नव्वद दिवसांत ते काम उरकायचे असते. लग्न आधीच लागलेले असल्यामुळे विवाह निबंधक आज भेटले काय किंवा पुढच्या मंगळवारी भेटले काय, काही बिघडत नाही. नोंदणी विवाहात मात्र लग्नच विवाह अधिकाऱ्यासमोर लागते. ते खुर्चीवर नसतील तर हॉल, आचारी, फोटोग्राफर आणि दोन्हीकडची माणसे हजर असूनही लग्न लागू शकत नाही. म्हणून त्यांच्या वेळेचा प्रश्न हा एखाद्या दाखल्याच्या रांगेचा प्रश्न नाही. (सगळे लोक या प्रकाराला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात, पण त्यात कोर्टाचा काही संबंध येत नाही. ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ अशा पाट्या लावून बसलेले एजंट याच गैरसमजावर पोट भरतात, कारण या कायद्याखाली ते एका दिवसात होऊच शकत नाही.)

कायद्याचे गणित असे आहे. वधू किंवा वर यांपैकी निदान एक जण नोटिशीच्या आधी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. आमची मुलगी पुण्यात नोकरीला असली तरी ऑगस्टपासून आईकडे राहून घरूनच काम करत होती, त्यामुळे ही अट पुरी झाली. विहित नमुन्यात दिलेली नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि लागल्या दिवसापासून तीस दिवस कुणालाही आक्षेप घेता येतो. मात्र तो आक्षेप वय, आधीचा जोडीदार हयात असणे, मानसिक अक्षमता, निषिद्ध नाते अशा कलम ४ मधल्या कारणांसाठीच घेता येतो. ‘आम्हाला जावई पसंत नाही’ हे त्यातले कारण नव्हे. आक्षेप आला नाही तर पुढे लग्न लावता येते, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ती मुदत टळली की नोटीस रद्द होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. आम्ही १० ऑक्टोबरला नोटीस दिली. म्हणजे नोव्हेंबरची ९ तारीख उलटेपर्यंत काही करता येणार नव्हते आणि १० जानेवारीनंतरही काही करता येणार नव्हते. मधल्या दोन महिन्यांतून शनिवार, रविवार आणि नाताळची सुट्टी वजा केली की हाती चव्वेचाळीस कामाचे दिवस उरतात. पंचांगातसुद्धा इतके मोजके दिवस क्वचित निघत असतील.

आता व्याह्यांच्या बाजूने विचार करा. त्रिशूरहून चौदा माणसे येणार होती. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत साठ दिवसांवर आली आहे. आम्ही मनाशी १५ डिसेंबर, सोमवार हा दिवस धरला होता. १३ तारखेच्या गाडीचे आरक्षण १४ ऑक्टोबरला, म्हणजे नोटीस दिल्यावर चारच दिवसांनी उघडणार होते. कोकण रेल्वेच्या त्या मार्गावर डिसेंबरात चौदा जागा एकत्र हव्या असतील तर आरक्षण उघडल्या दिवशीच हात-पाय हलवावे लागतात. मंगल कार्यालयाचे मालक तर उन्हाळ्यापासूनच आगाऊ रक्कम मागत होते. सकाळचे सत्र सात ते चार, संध्याकाळचे पाच ते अकरा. यांपैकी कोणते हवे, हे त्यांना लगेच कळायला हवे होते. या सगळ्यांना मी एकच उत्तर देत होते, की कार्यालयाकडून वेळ कळली की सांगते. केरळचा असल्यामुळे आमच्या जावयाला मराठी ‘ळ’ आमच्या घरातल्या शहरी मुलांपेक्षा स्वच्छ येतो. ‘मावशी, वेळ मिळाली का?’ हे त्याचे पहिले अस्खलित मराठी वाक्य ठरले.

वेळ मिळाली नाही. नोटीस दिली त्या दिवशी सांगण्यात आले की तीस दिवस होईपर्यंत तारखेचे नावच काढू नका. आक्षेप येऊ शकतो, हे मला मान्य आहे. पण आक्षेप न आल्यास अमुक दिवशी अमुक वाजता, असे सशर्त लिहून देण्यात अडचण कोणती, हे कुणी सांगितले नाही. तीस दिवस झाल्यावर गेले तेव्हा केरळच्या कार्यालयाकडून उत्तर यायचे आहे, असे कारण पुढे आले. वर दुसऱ्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवावी आणि त्याने ती आपल्या फलकावर लावावी, असे कलम ६ मध्ये आहे. तिकडून उत्तर येईपर्यंत इकडचे लग्न अडवून ठेवावे, असे मला त्या कलमात दिसले नाही. मी कायद्याची प्रत घेऊन गेले तेव्हा बाबू मंडळींनी ती वाचली, एकमेकांना दाखवली आणि १५ तारखेला होकार दिला, तोंडी. वेळ विचारली तर ‘सकाळी या, अकरापर्यंत’. मग कळले की त्या दिवशीच्या सगळ्याच जोडप्यांना अकराची वेळ दिली होती.

आमच्या बँकेत पूर्वी पितळी बिल्ले असत. गिऱ्हाईकाने चेक दिला की त्याच्या हातात क्रमांकाचा बिल्ला पडे आणि तो निश्चिंतपणे बाकावर जाऊन बसे. पैसे मिळायला तासभर लागला तरी आपला क्रमांक कुठे आहे, हे त्याला माहीत असे. माणसाला थांबण्याचा त्रास होतो त्यापेक्षा किती थांबायचे हे न कळण्याचा त्रास जास्त होतो, हे मी त्या बिल्ल्यांवरून शिकले. विवाह कार्यालयात नवरीला बिल्लासुद्धा मिळत नाही.

१५ डिसेंबरला आम्ही पावणेअकराला पोहोचलो तेव्हा सहा जोडपी आधीच व्हरांड्यात उभी होती. साहेब निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले असून जेवणाच्या सुट्टीपर्यंत येतील, असे शिपायाने सांगितले. हे प्रशिक्षण आदल्या दिवशी ठरले नव्हते. तसा आदेश आठवड्याभरापूर्वीच आलेला असणार आणि नोटिशीच्या अर्जावर आमचे मोबाइल क्रमांक लिहिलेले होते. साहेब तीन वाजून दहा मिनिटांनी आले. मध्यंतरी मंगल कार्यालयाचे सत्र चार वाजता संपणार असल्यामुळे आम्ही नाइलाजाने पंगत बसवण्याचा निरोप दिला. त्रिशूरची चौदा माणसे आणि आमच्याकडची दीडशे यांनी लग्नाचे जेवण केले, विडा घेतला, काहींनी आहेराची पाकिटेही दिली आणि त्या वेळी नवरा-नवरी कार्यालयाच्या जिन्यात वडापाव खात, कायद्याच्या दृष्टीने अविवाहित अवस्थेत बसले होते. आमचा क्रमांक चार वाजून चाळीस मिनिटांनी आला. तोपर्यंत आमच्या तीन साक्षीदारांपैकी एकाला गाडी गाठायची असल्यामुळे निघून जावे लागले होते. तीन साक्षीदारांशिवाय लग्न लागत नाही. त्यांच्या सह्या आधी प्रतिज्ञापनावर आणि नंतर दाखल्याच्या पुस्तकात घ्याव्या लागतात. शेवटी आमच्या मागच्या जोडप्याबरोबर आलेल्या एका भल्या गृहस्थांनी आपले आधार कार्ड काढून दिले आणि ते आमचे साक्षीदार झाले. भाचीच्या विवाहाच्या दाखल्यावर तिसरी सही ज्यांची आहे, त्यांना आम्ही त्या दुपारपूर्वी कधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिलेले नाही. त्यांचे आभार मानायचेही त्या घाईत राहून गेले. हे पत्र त्यांच्या वाचनात आले तर ते इथे मानते.

पुढची गोष्ट वेळेच्या टंचाईतूनच उद्भवते, म्हणून सांगणे भाग आहे. साहेबांसमोर आम्ही गेलो तेव्हा ‘इथे सही, इथे सही, इथे अंगठा’ एवढेच सुरू झाले. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वधूवरांना हवा तो विधी करता येतो. पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समक्ष दोघांनी एकमेकांना, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, ‘मी अमुक, तुला अमुक हिला, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’ अशा अर्थाचे शब्द म्हटल्याखेरीज विवाह पूर्ण होत नाही आणि बंधनकारक ठरत नाही. म्हणजे या लग्नाचा गाभा सही नव्हे, उच्चारलेले वाक्य आहे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीची लग्ने पुण्यात लागू लागली. त्या लग्नांसाठी जोतीराव फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांतही भटजी बोलत नाहीत, नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात. तेव्हा हे वाक्य आपल्या मातीला परके नाही. माझ्या भाचीने ते म्हणायचे आहे असे सांगितले, तेव्हा टेबलाजवळचे दोघे-तिघे हसले. घड्याळात पावणेपाच झाले होते आणि बाहेर आणखी दोन जोडपी ताटकळत होती, म्हणून मी त्यांच्या हसण्याचा राग धरत नाही. साहेबांनी मात्र हातातले पेन खाली ठेवले आणि ‘म्हणा’ म्हणाले. जावयाने पाठ केलेले मराठी वाक्य म्हटले, भाचीने म्हटले. एक मिनिटही लागले नसेल. त्याआधीच्या सहा जोडप्यांपैकी किती जणांनी ते म्हटले, हे मी विचारले नाही.

माझी आई, म्हणजे नवरीची आजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे आणि चाकाच्या खुर्चीवर असते. विवाह कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून तिथे लिफ्ट नाही. कलम १२ मध्येच असेही म्हटले आहे की विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावर असलेल्या, पक्षकारांना हव्या त्या ठिकाणी, विहित अटी पाळून व जादा शुल्क भरून विवाह लावता येतो. मी तसा अर्ज नोव्हेंबरातच केला होता. आमचे मंगल कार्यालय त्या इमारतीपासून दीड किलोमीटरवर आहे. ‘आपल्याकडे तशी पद्धत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तेही तोंडी. पद्धत नसेल, तरतूद मात्र आहे. अर्ज मंजूर करायचा की नाही हा अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे, हे मान्य करूनही त्याचे शुल्क किती, अर्ज किती दिवस आधी करावा आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी मिळेल का, एवढे कार्यालयाच्या फलकावर असायला हवे. संध्याकाळी घरी आल्यावर दोघांनी आजीसमोर बसून तेच वाक्य पुन्हा म्हटले. कायद्याने त्या दुसऱ्या उच्चाराला अर्थ नाही. आईच्या मते लग्न तेव्हाच लागले.

माझ्या दिराचा मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याचे लग्न तिथे नागरी पद्धतीने झाले तेव्हा मी हजर होते, म्हणून तुलना करण्याचा मोह आवरत नाही. तिथेही नोटीस असते आणि तिची मुदत जवळजवळ आपल्याइतकीच, अठ्ठावीस दिवसांची असते. पण नोटीस देणे आणि निबंधकांची वेळ राखून ठेवणे ही तिथे दोन वेगळी कामे आहेत. त्याने नोटिशीच्या कितीतरी महिने आधी स्थानिक कौन्सिलच्या नोंदणी कार्यालयात दुपारी दोनची वेळ घेऊन ठेवली होती, तिची लेखी पोच त्याच्याकडे होती आणि नोटिशीला वर्षभराची मुदत असल्याने घाईही नव्हती. १९९५ पासून तिथे मान्यताप्राप्त हॉटेलांत आणि जुन्या वाड्यांत निबंधक स्वतः येऊन लग्न लावतात. दोघे जण येतात, एक लग्न लावतो आणि दुसरा कागदपत्रे पाहतो. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा याच वेळेत लग्न लागले पाहिजे, हे जुने बंधनही २०१२ साली निघाले. त्यांच्या बाजूचा काच असा की नवरी उशिरा आली तर निबंधक थांबत नाहीत, कारण पुढच्या लग्नाला जायचे असते. शनिवारचे शुल्क भरमसाट असते आणि नागरी विधीत देवाधर्माचा शब्द चालत नाही. माझ्या जाऊबाईंना एक श्लोक म्हणायचा होता, तो निबंधक गेल्यावर म्हणावा लागला. आपला कायदा या बाबतीत अधिक उदार आहे. हवा तो विधी करा असे तो म्हणतो. एवढा उदार कायदा आपण व्हरांड्यात उभा केला आहे, याचे मला वाईट वाटते.

‘सह्या आधी एखाद्या दिवशी करून घ्यायच्या आणि सोहळा नंतर सावकाश करायचा’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. गोव्यातले आमचे स्नेही तसेच करतात. तिथे पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी हा लग्नाचाच भाग आहे, त्यामुळे ‘सही कधी?’ आणि ‘लग्न कधी?’ हे दोन प्रश्न तिथे सहज वेगळे विचारले जातात. ज्यांना परवडते त्यांनी तसे जरूर करावे, कारण सध्याच्या परिस्थितीत तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण माझ्या भाचीला आणि जावयाला दुसरा कोणताच विधी करायचा नव्हता. मुलगी हिंदू, मुलगा ख्रिस्ती. एकाच्या पद्धतीने केले असते तर दुसऱ्याच्या घरी कुठेतरी खुपले असते. त्यांचे लग्न ते हेच. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा जोडप्याला आपला धर्म आपण मानत नाही असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढून टाकली आणि दोघांनाही आपापल्या धर्मात राहून मानाने लग्न करण्याची सोय केली. त्या मानात एक ठरलेली वेळ बसत नसेल, असे मला वाटत नाही.

अधिकाऱ्यांच्या बाजूनेही चार शब्द लिहिले पाहिजेत. आमच्या इथे विवाह अधिकाऱ्यांकडे इतर कामेही आहेत आणि निवडणूक, प्रशिक्षण, बैठका हे त्यांच्या हातात नसते. वेळ घेऊन न येणारी जोडपी असतात, पंचवीस नातेवाईक आणि ड्रोनवाला फोटोग्राफर घेऊन येणारी असतात, कागद अपुरे आणून कर्मचाऱ्यांवर आवाज चढवणारी असतात. त्या व्हरांड्यात चार तास उभी राहून हे सगळे मी पाहिले. तरी या अडचणींवरचा उपाय कायद्यातच आहे. कलम ३ नुसार राज्य सरकार अधिसूचना काढून एखाद्या क्षेत्रासाठी एक किंवा अधिक विवाह अधिकारी नेमू शकते. ‘किंवा अधिक’ हे शब्द शोभेला घातलेले नसावेत. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरा अधिकारी नेमलेला असेल तर एक जण प्रशिक्षणाला गेला म्हणून सात लग्ने खोळंबणार नाहीत. नोटीस स्वीकारताना दिल्या जाणाऱ्या पोचपावतीवरच आक्षेप न आल्यास लग्नाचा दिवस आणि अर्ध्या तासाची वेळ छापून मिळावी, अधिकारी त्या दिवशी नसतील तर आदल्या संध्याकाळपर्यंत मोबाइलवर कळवावे आणि राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असला तरी महिन्यातून निदान एक शनिवार विवाहासाठी राखून ठेवावा, असे मला सुचवायचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा आपला हक्क झाला आहे. इतर सेवांना जशा दिवसांच्या मुदती लावल्या, तशी विवाहाच्या सेवेला तासाची मुदत लावायला हरकत नसावी.

तोपर्यंत ज्यांच्या घरी असे लग्न आहे त्यांना अनुभवातून सांगते: साक्षीदार तीन नव्हे, पाच न्यावेत आणि पाचहीजणांची मूळ ओळखपत्रे बरोबर असावीत. पत्रिकेवर विवाहाची वेळ छापू नये, फक्त भोजनाची छापावी. नोटीस अशा बेताने द्यावी की हवा असलेला दिवस नोटिशीनंतर पन्नास-साठ दिवसांनी येईल. म्हणजे काही अडले तर तीन महिने संपायच्या आत दुसरा दिवस शोधायला जागा राहते. जे काही सांगितले जाते ते अर्ज करून लेखी मागावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. नवरा-नवरीला ते एक वाक्य आधीच पाठ करायला सांगावे आणि कुणी हसले तरी ते म्हणावे.

मी स्वतः वरील सूचनांचा अर्ज आमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिला आहे आणि त्याची एक प्रत पुण्याला नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. जिल्ह्याच्या कार्यालयाचा आवक शिक्का असलेली पोच माझ्याजवळ आहे. उत्तर आल्यास आपल्या वाचकांना कळवीन.

आपली विश्वासू,
नवरीची मावशी
(निवृत्त बँक कर्मचारी)